खटावकरांची टाकी तुंबली तेव्हा

“पेडलला पाय लावू नका!”

खटावकर काका बाहेरून ओरडले तेव्हा माझा पाय पेडलवरच होता, आणि पुरता दाबलेला होता. भांड्याच्या तळाची झडप उघडली, आतून म्हशीने पाण्यात तोंड घालून फुरफुरावं तसा लांबलचक आवाज आला, आणि पाणी खाली जायच्या ऐवजी वर उसळलं. मी ट्रेलरच्या दारातून बाहेर पडले ती मधल्या दोन पायऱ्यांना न शिवता.

“लागला का पाय?” काकांनी विचारलं.

“लागला.”

“मग उशीर झाला,” ते खिन्नपणे म्हणाले आणि त्यांनी मान खाली घातली.

आई ताडपत्रीच्या सावलीत स्टोव्हवर उपमा ढवळत होती. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, बादली, तांब्या आणि साबण माझ्यापुढे सरकवला आणि पुन्हा उपम्याकडे वळली. पाठमोऱ्या आईचे खांदे हलत होते. ती हसत होती.

मला हसू येत नव्हतं. मी हसायला आलेच नव्हते. मी तपासणीला आले होते.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. मी तेव्हा चौतीस वर्षांची होते आणि पुण्यात एका विमा कंपनीत दावे तपासायचं काम करत होते. गोठ्याला आग लागली म्हणणाऱ्याचा गोठा आपोआप पेटला की पेटवला, हे समोरच्याच्या नुसत्या बोलण्यावरून ओळखण्यात माझा हात धरणारं कुणी नाही, असं माझं मत होतं. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली होती. आई सांगलीला विश्रामबागेत एकटी राहायची. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं त्या दिवशी दवाखान्यात शेजारच्या खुर्चीवर विश्वनाथ खटावकर नावाचे एक गृहस्थ बसले होते. आईच्या उजव्या डोळ्याला पट्टी, त्यांच्या डाव्या. दोघांत मिळून दोन डोळे होते, आणि तेवढ्या भांडवलावर त्यांनी एकमेकांना पाहून घेतलं.

खटावकरांचं मिरजेला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप होतं. बायको जाऊन बारा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. वर्कशॉप पुतण्याकडे सोपवल्यावर त्यांनी दोन वर्षं खपून स्वतःच्या हाताने एक ट्रेलर बांधला. जीपच्या मागे जोडायचा, आत दोन बिछाने, एक ओटा आणि कपाटाएवढा संडास. या ट्रेलरमधून जमेल तेवढा मुलूख पाहायचा त्यांचा बेत होता आणि त्यांना आई बरोबर हवी होती. आश्चर्य म्हणजे आईलाही जायचं होतं.

“डब्यात बसून गावोगाव? या वयात? परक्या माणसाबरोबर?” शिरीषदादा फोनवर म्हणाला होता. दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा, बडोद्याला नोकरीला. “लोक काय म्हणतील ते सोड. आई काय म्हणतेय तेच मला कळेनासं झालंय. तुला तिने बोलावलंय ना? तू जा. तीन दिवस राहा, माणूस नीट पारख, आणि त्याच्यात एक तरी खोट अशी काढ की आईनेच नाही म्हटलं पाहिजे.”

म्हणून मी आजऱ्याच्या पुढे जोतिबा देसाई नावाच्या शेतकऱ्याच्या काजूच्या बागेत येऊन पडले होते. जोतिबा म्हणजे काकांचं जुनं गिऱ्हाईक, आता दोस्त. बागेच्या कडेला ट्रेलर उभा होता. आई आणि मी आत झोपायचो, काका बाहेर तंबूत. दोन दिवस मी त्यांच्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवली. हाती लागलं ते एवढंच, की हा माणूस चहा बशीत ओतून पितो, घास तोंडात असताना बोलतो, आणि मला पाहून चळाचळा कापतो. मला ते ‘केतकीताई’ म्हणायचे आणि अहोजाहो करायचे, मी जणू फॅक्टरी इन्स्पेक्टर. एवढ्यावर कुणाचा दावा फेटाळता येत नाही.

आणि तिसऱ्या दिवशी सकाळी टाकी तुंबली. तोंड धुता धुता मला मनातून फार बरं वाटलं.

लपवाछपवीचा त्यांचा स्वभाव नव्हता. मी तोंड पुसत आल्यावर त्यांनीच मला ट्रेलरच्या मागच्या बाजूला नेलं.

“हे बघा केतकीताई. संडासाच्या खाली ही टाकी. भांड्याला झडप, ती पेडलने उघडते. टाकी भरली की हा व्हॉल्व्ह ओढायचा, की सगळं या नळीतून जोतिबाच्या सेप्टिक टँकमध्ये. वास येऊ नये म्हणून टाकीच्या तोंडाला मी खाली वाकड्या पाइपचा बाक दिलाय. त्यात कायम पाणी उभं राहतं. ही माझी स्वतःची आयडिया.”

“मग अडलंय कुठे?”

“तेच तर कळत नाही.” त्यांनी व्हॉल्व्हचा दांडा ओढला. नळीत गुडगुड-गुडगुड झालं, पलीकडे तांब्याभर पाणी पडलं, आणि थांबलं. “सकाळी सातपासून हेच. तांब्याभर देते आणि रुसून बसते. आणि पेडल दाबलं की वर उसळते. म्हणून आता झडप कुणीही उघडायची नाही.”

त्यांनी आत जाऊन भांड्याचं झाकण लावलं आणि वर दोन वेढे सुतळीचे बांधून टाकले.

मी जरा बाजूला झाले तेव्हा ते जोतिबाशी हळू आवाजात बोलत होते. कुजबुजणं त्यांना जमत नसे. चाळीस वर्षं लोखंडाच्या आवाजात काढलेली, त्यामुळे त्यांची कुजबुज काजूच्या चौथ्या झाडापर्यंत ऐकू येई.

“जोतिबा, हे आज सुटलं पाहिजे. ज्या घराचा संडास चालत नाही त्या घरातून बाईमाणसाला घेऊन मी कुठल्या तोंडाने फिरू? त्या काही बोलायच्या नाहीत. पण हे सुटलं नाही तर मीच नको म्हणणार.”

मी मनातल्या मनात ते वाक्य दादासाठी टिपून ठेवलं.

जोतिबा पन्नाशीचा, अंगाने दांडगा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला माणूस. त्याने ट्रेलरभोवती एक फेरी मारली, टाकीवर कान लावला, बोटाच्या पेराने ठोकून पाहिलं.

“साहेब, पोट धरलंय गाडीनं,” तो म्हणाला. “आमच्या म्हशीचं आसंच हुतंय. जरा हिंडवा तिला. पोट हललं की आपसूक मोकळी हुतीया.”

काकांना हे शास्त्रशुद्ध वाटलं. आत काही साचून घट्ट झालं असेल तर हेलकाव्याने सुटेल. फक्त एक अडचण होती. हेलकाव्याने सुतळी तुटली तर झाकण उडेल, म्हणून ते दाबून धरायला कुणीतरी आत हवं. जीप काका चालवणार. मागे काय होतंय ते बघत जोतिबा बरोबर चालणार. आईचा डोळा नवा.

सगळे माझ्याकडे बघू लागले.

“नको नको, केतकीताईंना कसं सांगायचं,” काका कळवळून म्हणाले.

“बसते मी,” मी म्हणाले. पुरावा गोळा करायचा तर जागेवर जावंच लागतं.

पुढची वीस मिनिटं मी त्या झाकणावर बसून, दोन्ही हात दोन भिंतींना रोवून, काजूच्या बागेला चार प्रदक्षिणा घातल्या. माझ्या खाली समुद्र होता. प्रत्येक खड्ड्याला तो एका बाजूने दुसऱ्या बाजूला जायचा आणि जाताना मला खालून धक्का द्यायचा. ओट्यावरून साखरेचा डबा पडला, मग चाळणी, मग आईच्या औषधांची पिशवी. खिडकीतून जोतिबाचं धावतं डोकं दिसत होतं.

“काय म्हन्तीया, ताई?”

“हलतंय!”

“लई?”

“फार!”

“मग हुतंय काम!” तो आनंदाने ओरडला.

काम झालं नाही. जीप थांबली, काकांनी व्हॉल्व्ह ओढला, गुडगुड झालं, तांब्याभर पाणी आलं आणि थांबलं. मी खाली उतरले तेव्हा जमीन अजून हलत होती. आईने मला लिंबाची फोड दिली.

तेवढ्यात दादाचा फोन आला.

“काय प्रगती?”

“टाकी तुंबलीय.”

“कुणाची?”

“ट्रेलरची. संडासाची.”

दादाच्या आवाजात दिवाळी उजाडली. “अगं मग हेच! हेच सांग आईला. म्हणावं, बघ, हे असं असतं रोज.”

“बघते,” म्हणून मी फोन ठेवला.

दहा वाजता जोतिबाने ठिबकची काळी नळी आणली. सेप्टिक टँककडे जाणारा पाइप सोडवून काकांनी ती नळी टाकीच्या तोंडातून आत सारली. बाकातून वळसे घेत ती सरसर आत गेली. हातभर, दोन हात, पार टाकीच्या पलीकडच्या भिंतीला जाऊन टेकली. तशीच सरसर बाहेर आली.

“कुठंच अडत न्हाई की ओ!” जोतिबा म्हणाला.

काका जमिनीवर बसले. चष्मा काढून त्यांनी तो सदऱ्याच्या टोकाला पुसला.

“आत अडलेलं काही नाही. बाहेर अडलेलं काही नाही. व्हॉल्व्ह उघडा. तरी येत नाही. असं होऊच शकत नाही.”

“हुतंय तर खरं,” जोतिबा म्हणाला.

शेवटी त्यांनी तो स्वतःच्या आयडियेचा बाकच खोलायचं ठरवलं. पोतं अंथरून ते ट्रेलरखाली उताणे शिरले. बाकाचं तोंड बरोबर त्यांच्या छातीवर आलं. आई बाजूला उकिडवी बसून त्यांना पान्हे देऊ लागली. नट गंजला नव्हता, पण चाळीस वर्षांच्या सवयीने त्यांनी तो असा आवळला होता की त्यांनाच सुटेना.

“मी काय म्हणते,” आई म्हणाली, “तिला वरून वारा मिळत नसेल.”

कुणी ऐकलं नाही. काका खाली कुंथत होते.

“तेलाचा डबा असतो ना, पंधरा किलोचा,” आई पुन्हा म्हणाली. “त्याला एकच भोक पाडलं की असंच गुडगुड करतो. वाटीभर देतो आणि थांबतो. समोरच्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडलं की मग—”

“आई, तू गप्प बस गं,” मी म्हणाले. माझं डोकं अजून गरगरत होतं. “तुला काय कळतंय त्यातलं? करू दे ना त्यांना.”

आई गप्प बसली. वाद नाही, कपाळाला आठी नाही. दिवा मालवावा तशी ती बोलायची थांबली आणि हातातला पान्हा पदराने पुसत राहिली.

ट्रेलरखालची खटपट थांबली.

“थांबा जरा,” खालून आवाज आला. “काय म्हणालात तुम्ही?”

“काही नाही,” आई म्हणाली.

“नाही, डब्याचं काहीतरी म्हणालात. मला नीट ऐकू आलं नाही. परत सांगा.”

आईने माझ्याकडे पाहिलं. मग तिने सगळं पुन्हा सांगितलं. तेलाचा डबा, एक भोक, दुसरं भोक. मग काकांचं फक्त डोकं बाहेर आलं.

“टाकीला वारा खेळायला मी नळी दिलीय,” ते सावकाश म्हणाले. “भिंतीतून वर छपरावर काढलीय, धुराड्यासारखी.”

“तिचं तोंड बघितलंत का?”

“नाही.”

“आणि ट्रेलर कुठे होता इतके दिवस?”

“पावसाळाभर वर्कशॉपच्या मागे.” बोलता बोलता त्यांनी मान वळवून वर छपराकडे पाहिलं. “नलिनीबाई, मी मूर्ख आहे.”

नाव-पत्ता सांगावा इतक्या सरळपणे त्यांनी ते सांगितलं. आणि काम अर्धवट सोडायचं नाही म्हणून पुन्हा आत शिरून जेमतेम सैल झालेला नट तिथल्या तिथे परत आवळायला घेतला.

“जोतिबा, वर चढून बघ.”

“साहेब, म्या चढलो तर छप्पर खाली यील.”

ते खरं होतं. शिडीवर मी चढले, हातात काकांचा स्क्रूड्रायव्हर.

“केतकीताई, नुसतं बघा आणि सांगा,” खालून सूचना आली. “हात लावू नका. मी बाहेर आल्यावर मग बघू.”

छपरावर पत्रा तापला होता. कोपऱ्यात नळीचं तोंड होतं आणि ते लाल मातीने गच्च लिंपलेलं होतं. इतकं सुबक, की कुणी बोट फिरवून गुळगुळीत केलं असावं.

“मातीने बंद झालंय!” मी ओरडले. “कुंभारमाशीचं घर आहे!”

“शाब्बास!” खालून आवाज आला. मला म्हणाले, माशीला म्हणाले की आईला, कळलं नाही.

“आत माशी आहे का बघ हं,” आई म्हणाली. “चावायची.”

मी वाकले. आत काही हलतंय का ते बघायला स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने मातीला हलकेच टकटक केलं. अगदी हलकेच. दारावर वाजवतात तेवढंच.

मातीचं बूच सुटलं आणि नळीत पडलं. ट्रेलरने श्वास घेतला. दुसरा शब्द नाही त्याला. सूंऽऽऽ करून इतका मोठा श्वास आत ओढला की माझ्या ओढणीचं टोक नळीकडे गेलं.

“नलू, पळ!”

काका ओरडले. ते स्वतः पळू शकत नव्हते, पळायला जागाच नव्हती. पण दोन्ही हात बाहेर काढून त्यांनी आईला अशी ढकलली, की ती मागच्या मागे जाऊन जोतिबाच्या काजूच्या टोपलीत बसली. पाइप सोडवलेला, व्हॉल्व्ह उघडाच, आणि मग खाली ते सुरू झालं.

त्याचं वर्णन मी करणार नाही. तीन दिवस, तीन माणसं, आणि दोन्ही वेळा जोतिबाच्या बायकोच्या हातचं पोटभर जेवण, एवढं सांगितलं की पुरे.

मी छपरावर बसून राहिले. खाली धबधब्याचा आवाज येत होता आणि दुसरा कसलाच आवाज येत नव्हता. मी डोळे मिटले आणि आता काय होणार त्याची वाट बघू लागले. काय होणार ते मला पाठ होतं.

आमचे बाबा वाईट नव्हते. त्यांनी कधी हात उचलला नाही, कधी काही कमी पडू दिलं नाही. पण आमच्या घरात आईचं बरोबर निघणं हा गुन्हा होता. एकदा आम्ही नरसोबाच्या वाडीला निघालो होतो. स्टँडवर आई म्हणाली, ही गाडी वाडीची नव्हे. बाबा म्हणाले, तुला काय कळतंय त्यातलं. गाडी तासगावला गेली. परतीच्या वाटेवर बाबा आमच्याशी बोलले नाहीत, आणि आईशी पुढचे चार दिवस. चौथ्या दिवशी आईने माफी मागितली. कशाची, हे आम्हा दोघा भावंडांना तेव्हा कळलं नाही. हळूहळू आईने बोलणंच कमी केलं, आणि आई अबोल आहे असं आम्ही सगळ्यांना सांगू लागलो. ‘तुला काय कळतंय त्यातलं’ हे बाबांचं वाक्य. ते गेल्यावर त्यांचं घड्याळ दादाने घेतलं. मी काय घेतलं होतं, ते मला त्या तापल्या पत्र्यावर, हातात स्क्रूड्रायव्हर धरून बसले असताना कळलं.

खालचा आवाज हळूहळू ओसरला. काका सरपटत बाहेर आले. उभे राहिले. चष्म्याच्या काचा बोटांनी पुसायचा प्रयत्न केला, जमलं नाही, म्हणून चष्माच काढला.

“नलिनीबाई!” ते म्हणाले. “निचरा झाला! काय निचरा झाला! आवाज ऐकलात का? एका दमात!”

आई टोपलीतून उठायचा प्रयत्न करत होती.

“सकाळी सात वाजताच तुम्हाला विचारायला पाहिजे होतं,” ते पुढे म्हणाले. “चार तास फुकट घालवले. आणि त्या पोरीला झाकणावर बसवून चार फेऱ्या मारल्या.”

“काका, माझा हात लागला,” मी वरून म्हणाले. “तुम्ही नको म्हणाला होतात. चूक माझी आहे.”

“तुझी कशी गं पोरी? ते घर किती पातळ असतं ते तुला काय माहीत. मीच आधी बाहेर यायचं, मग तुला वर पाठवायचं. खाली उतर, पत्रा तापलाय.”

आणि आई हसली. टोपलीत अर्धवट अडकलेली, केसांत काजूचा पाला, तोंडावर पदर नाही, हात नाही. आईचे मागचे सोन्याचे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. हसता हसता ती म्हणत होती, “अहो, मिशी! मिशी बघा!” आणि काका मिशीला हात लावायला गेले आणि शहाणपणाने थांबले.

जोतिबाने विहिरीवरची मोटार चालू केली आणि मोठा पाइप धरून त्यांना धुवायला घेतलं.

“साहेब, डोळं मिटा. हितनं फिरा. आता त्वांड उघडू नगा, काय बोलायचं आसंल त्ये मागनं.”

दुरून म्हैस धुतात तसं धुऊन झाल्यावर आई पुढे झाली. साबण आणि नारळाची शेंडी घेऊन ती चक्क त्यांची पाठ घासू लागली, आम्हा सगळ्यांच्या देखत. “मान वाकवा. कानामागे राहिलंय. हालू नका हो.” ते लहान मुलासारखे मान वाकवत होते. मी तिथेच उभी राहून बघत होते. मघाशीचं ‘नलू’ माझ्या कानात होतं, आणि ही पाठ आईच्या हाताला नवीन नव्हती. दावे तपासणाऱ्या बाईच्या हे लक्षात यायला हवं होतं. पण मी त्या वेळी मनातल्या मनात फार मोठी झाले होते, आणि मोठ्या झालेल्या माणसाला जवळचं दिसत नाही.

दुपारी थंड उपमा खात आम्ही दोघी झाडाखाली बसलो होतो.

“आई,” मी म्हणाले, “माझी हरकत नाही.”

“कशाला?”

“तू यांच्याबरोबर जायला. अगदी लग्न केलंस तरी. माणूस चांगला आहे. मी दादाला समजावेन.”

बोलताना मला भरून आलं होतं. आपण आईला काहीतरी मोठं देतोय असं वाटत होतं. आईने ताटली खाली ठेवली.

“केतू,” ती म्हणाली, “अगं, बावीस दिवस झाले.”

“कशाला?”

“नोंदणी करून. सांगलीत.”

“नोंदणी? लग्नाची?” मी विचारलं.

“जोतिबा होता की साक्षीला. त्याची बायको, आणि यांचा पुतण्या.”

“म्या सही क्येलीया!” गोठ्याकडून जोतिबा ओरडला. त्याला सगळं ऐकू जात होतं.

“आणि आम्हाला विचारलंसुद्धा नाहीस?”

“विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात,” आई शांतपणे म्हणाली. “मग तुमचा शब्द मोडून करावं लागलं असतं. त्यापेक्षा न विचारता केलेलं बरं. शब्द मोडला असं तरी होत नाही.”

“मग मला पारखायला कशाला बोलावलंस?”

“पारखायला तू आलीस. मी सांगायला बोलावलं होतं. पहिल्या दिवशीच सांगणार होते. पण तू असं तोंड करून उतरलीस गाडीतून, की हे म्हणाले, दोन दिवस जाऊ देत, पोरगी जरा सैल होऊ दे. म्हणून बिचारे तंबूत झोपले. पाठ धरलीय त्यांची.”

मला राग आला. खूप आला. मी उठून चार पावलं गेले, काय बोलायचं ते जुळवत. समोर ट्रेलरच्या शिडीवर काका उभे होते. अंगात जोतिबाचा सदरा, त्यात दुसरे एक खटावकर मावले असते. पुन्हा माशी शिरू नये म्हणून ते नळीच्या तोंडाला तारेची जाळी बसवत होते. त्यांनी वाकून खाली पाहिलं.

“नलिनीबाई, जाळी बारीक लावू की मोठी?”

“बारीक लावली तर पुन्हा कचऱ्याने बुजेल,” आई बसल्या जागेवरून म्हणाली. “मधली बघा.”

“मधली,” ते म्हणाले आणि हातातली जाळी खाली टाकून दुसरी शोधू लागले.

माझा राग तिथेच कुठेतरी सांडला. मी परत येऊन आईच्या शेजारी बसले.

त्या ट्रेलरने पुढे नऊ वर्षांत नर्मदेपासून हंपीपर्यंतचा मुलूख पाहिला. तिसऱ्या वर्षी दादासुद्धा दोन रात्री राहून गेला, आणि जाताना आईकडून उपम्याची कृती लिहून घेऊन गेला. आता काकांचे गुडघे चालत नाहीत, म्हणून ट्रेलर मिरजेला अंगणात उभा असतो आणि दोघं दुपारचा चहा त्यात बसून पितात. अजून बशीतून. पण हे सगळं पुढचं. त्या दुपारी माझ्यापुढे एकच प्रश्न होता.

“दादाला कोण सांगणार?”

“तू,” आई म्हणाली. “म्हणून तर तुला बोलावलं. माझं तो ऐकून घ्यायचा नाही.”

तिचं बोलणं संपतंय तोच माझा फोन वाजला.

“काय मग?” दादा उत्साहात होता. “सांगितलंस का आईला टाकीचं? काय म्हणाली?”

“दादा, तू उभा आहेस का बसलायस?”

“उभा आहे. का?”

“खुर्ची घे,” मी म्हणाले.